रुक्मीचा राग कोणत्या भाषेत आणावा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर भाषांतराचं काम केलं. म्हणून आज मी भाषांतरकाराला सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे राग. प्रेमाचं कसंबसं भागतं. चंद्र, फुलं, डोळे सगळीकडे असतात. दुःखाला तर बऱ्याचदा शब्दच लागत नाहीत. राग मात्र बोलल्याशिवाय राहत नाही, आणि बोलतो तो ठार घरच्या भाषेत. चार भाषा येणारा माणूससुद्धा पायावर वरवंटा पडला की आईच्याच भाषेत ओरडतो.

मी स्पॅनिश वाचतो, म्हणून सुरुवात तिथून करतो. स्पेनमधला वैतागलेला माणूस म्हणतो, ‘एस्तोय आस्ता लास नारिसेस’. शब्दशः पाहिलं तर ‘मी नाकापर्यंत आलोय’. त्याच्या इंग्रज भाषांतरकाराला नाक उपयोगाचं नाही, कारण इंग्रज माणूस मागच्या दाढांपर्यंत वैतागतो. तो नाक काढून दाढा बसवतो, आणि ते बरोबरच आहे. मराठी भाषांतरकार मात्र इथे हमखास मोहात पडतो. आपल्याकडे नाक आहे, ‘नाकी नऊ येणं’ आहे. मग तेच का नको? नको, कारण नाकी नऊ येतात ते दमलेल्या माणसाच्या. लग्नघरात पंगती वाढून वाढून नाकी नऊ येतात, त्यात राग कुणावरच नसतो. स्पॅनिश माणसाचं नाक मराठीत आणलं की तो चिडलेला राहत नाही, थकलेला होतो. त्याला मराठीत ‘आता फार झालं’ एवढंच म्हणू द्यावं. अवयव गेला तरी चालेल.

अशा जोड्या शोधण्यात मौज असते. संताप अनावर झाला की स्पॅनिश माणूस दारासारखा बिजागरीवरून निखळतो, इंग्रज माणूस कुऱ्हाडीच्या पात्यासारखा दांड्यावरून निसटतो, आणि आपलं पित्त खवळतं. स्पॅनिशमध्ये क्रोधाला ‘कोलेरा’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशीही पित्तच आहे. ग्रीक वैद्य आणि आपले वैद्य निदान या एका ठिकाणी तरी सहमत होते. स्पॅनिश माणूस किंकाळी आकाशात नेऊन ठेवतो, आपण आकाशपाताळ एक करतो. कुणाला हाकलायचं असेल तर तिकडे त्याला शतावरीचे कोंब तळायला पाठवतात, इकडे ‘गेलास उडत’ म्हणतात. अशी वही मीही बाळगतो. पण वाक्प्रचाराला वाक्प्रचार जोडून झाल्यावरही पानावरचा माणूस चिडलेला वाटेलच, याची खात्री नसते. कारण राग वाक्प्रचारात नसतो. कोण, कुणावर, कोणत्या हक्काने चिडलं आहे, यात तो असतो. भाषांतर करायचं ते त्या हक्काचं. हे मला स्पॅनिश कादंबऱ्यांनी शिकवलं नाही. पैठणच्या एका माणसाने शिकवलं, आणि त्याने ते काम केलं काशीत.

एकनाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’ आपल्यापैकी अनेकांच्या घरात होतं. लग्न जमत नसलेल्या मुलीने त्याची पारायणं करायची, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. ग्रंथाच्या अखेरीला नाथ स्थळकाळ नोंदवतात: वाराणसी नगरी, मणिकर्णिकेचा काठ, शके 1493, रामनवमी. म्हणजे 1571 सालचा चैत्र. मराठी मुलीच्या मंगलकार्याची ही पोथी पूर्ण झाली ती ज्या काठावर रात्रंदिवस चिता जळतात तिथे, हे मला फार दिवस कळलं नव्हतं. कळल्यावर वाटलं, नाथांनाच हे शोभतं.

काशी त्यांना परकी नव्हती. पैठणहून आलेल्या रामेश्वर भट्टांचं घराणं तिथे आधीच स्थिरावलं होतं. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट, ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिणारे, हे त्या वेळी काशीच्या पंडितांतलं मोठं नाव. पुढे शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. गोदावरीकाठचे शास्त्री गंगाकाठी संस्कृत शिकवत होते, आणि त्याच गंगाकाठी गोदावरीकाठचा एक गृहस्थ भागवताच्या दशम स्कंधातली कथा मराठीत आणत बसला होता. तुलसीदासांचा ‘रामचरितमानस’ सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती.

आता रुक्मीकडे येऊ. तो विदर्भाच्या भीष्मक राजाचा थोरला मुलगा, रुक्मिणीचा भाऊ, कुंडिनपूरचा युवराज. आजचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर. बापाच्या आणि घरच्यांच्या मनात मुलगी कृष्णाला द्यायची, रुक्मीच्या मनात शिशुपाल. मूळ भागवतात हा बेबनाव एका श्लोकात उरकला आहे. घरच्यांची इच्छा मोडून रुक्मीने शिशुपाल ठरवला, इतकंच. त्याच्या रागासाठी व्यासांनी एक सामासिक विशेषण खर्च केलं आहे, ‘कृष्णद्विड्’, म्हणजे कृष्णाचा द्वेष्टा. संस्कृतला तेवढं पुरतं. समास केला की काम झालं.

मराठीत पुरत नाही. ‘तो कृष्णाचा द्वेष करी’ असं लिहून नाथ पुढे जाऊ शकले असते. अर्थात तसूभरही फरक पडला नसता. पण ऐकणाऱ्या बाईला रुक्मी दिसला नसता. म्हणून नाथ त्याला बोलू देतात. आणि तो बोलतो कसा? बहिणीला आलेलं स्थळ मोडणारा भाऊ बोलतो तसा. मुलाच्या जन्माचा ठावठिकाणा नाही. कूळ धड सांगता येत नाही. रंगाने काळा, वाढला गवळ्यांत, चोऱ्या केल्या, सख्ख्या मामाला मारलं. असल्याला मुलगी द्यायची? सोळाव्या शतकातलं हे भांडण आजही कुठल्याही घराच्या माजघरात ऐकू येईल. फक्त गवळ्यांच्या जागी दुसरी जात येईल आणि चोरीच्या जागी नोकरी नसणं. संस्कृतातला शत्रू मराठीत येताना थोरला भाऊ झाला. ‘हे घर माझं, बहीण माझी, इज्जत माझी’ हा त्याच्या रागामागचा हक्क नाथांनी आणला, आणि हक्क आल्याबरोबर शब्द आपोआप आले.

आता यातली खरी गंमत. रुक्मी जे जे दूषण देतो ते कृष्णाला भूषण म्हणून लागू पडतं. जन्माचा ठिकाणा नाही, कारण तो अजन्मा. कूळ नाही, गुण नाही, कारण तो निर्गुण. रुक्मी दात-ओठ खाऊन शिव्या देतोय, आणि त्याच्या नकळत वेदान्त सांगतोय. अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात. पण नेहमीच्या व्याजस्तुतीत बोलणाऱ्याला आतला अर्थ ठाऊक असतो. इथे रुक्मीला तो ठाऊक नाही, श्रोत्यांना आहे. तेव्हा भाषांतरकाराला दोन गोष्टी एकदम साधायच्या आहेत. राग खरा हवा. लुटुपुटीचा झाला तर भावाचं पात्र पडतं. आणि प्रत्येक शिवी दुसऱ्या बाजूनेही वाचता यायला हवी. एखादी शिवी जरा जास्त झोंबरी घेतली की स्तुती मरते, जरा सौम्य घेतली की राग मरतो. या दोरीवर नाथ कितीतरी ओव्या चालतात, आणि लग्न जमावं म्हणून पोथी वाचणारी मुलगी रोज भक्तिभावाने देवाला शिव्या घालते.

शिवीचा असाच उलटा प्रवास स्पॅनिश साहित्यातही आहे, आणि तो नाथांच्या या पोथीनंतर अवघ्या चव्वेचाळीस वर्षांनी. सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’चा दुसरा भाग 1615 सालचा. त्याच्या तेराव्या प्रकरणात सांचो पान्सा आणि दुसऱ्या एका सरदाराचा सेवक गप्पा मारत बसले आहेत. सांचोच्या मुलीचं कौतुक करताना तो सेवक आईवरून एक सणसणीत शिवी हासडतो. सांचो बिथरतो. सेवक त्याला समजावतो की कुणी एखादं काम झकास केलं की लोक हीच शिवी देतात, ही तर शाबासकी. थोड्या वेळाने त्याने दिलेली दारू चाखून सांचोच्या तोंडून तीच शिवी निघते, वाहवा म्हणून. इंग्रजीत या प्रकरणाची वाट लागणं सोपं आहे, कारण तिथली तशी शिवी बराच काळ नुसती शिवीच राहिली. मराठीत मात्र अडचण नाही. ‘रांडेचा काय गातो!’ म्हणणारे जाणकार माझ्या लहानपणी प्रत्येक मैफिलीत पुढच्या रांगेत असत. आणि काशीतल्या भाषांतरकाराला तर काहीच करावं लागणार नाही. काशीनाथ सिंहांचं ‘काशी का अस्सी’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, तिथल्या अस्सी मोहल्ल्यात शिवी हाच नमस्कार असतो.

जाता जाता एक गोष्ट. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, आपल्याकडेही आहेत. आजच्या इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. शेक्सपिअरच्या काळी होता; ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी आपल्या भोळ्या मित्राला शिकवतो की आव्हानाच्या पत्रात प्रतिस्पर्ध्याला दोन-तीनदा एकेरीत संबोध, म्हणजे तो पेटेल. मराठीत राग दोन्ही दिशांनी जातो. एरवी ‘अहो’ म्हणणारा माणूस ‘अरे’वर येतो तेव्हा राग कळतोच. पण रोज ‘अरे’ म्हणणारी आई एकदम ‘या, बसा, आलात का?’ म्हणाली की मुलगा आधी पळतो. हे इंग्रजीत नेता येत नाही. तिथे स्वर, विराम किंवा पूर्ण नाव घेऊन हाक मारणं, असं काहीतरी दुसरं शोधावं लागतं.

मणिकर्णिकेचं नाव घेतल्यावर मराठी शापांविषयी न बोलून कसं चालेल? आपल्या बायकांचा शिव्याशापांचा साठा पाहा. मेल्या. मुडद्या. मसण्या. जा मसणात. तुझी तिरडी उठली. तुझा मुडदा बशिवला. स्पॅनिश माणूस चिडला की देवळात शिरतो. प्रसादाची पोळी, संत, देवाची आई, सगळ्यांची विटंबना करून मोकळा होतो. इंग्रज माणूस चिडला की एक तर नरकात नाही तर शेजघरात जातो. मराठी बाई चिडली की स्मशानात जाते. मोल्सवर्थने 1831 साली पहिल्यांदा छापलेला आणि 1857 साली वाढवून काढलेला कोश उघडा. देवभीरू साहेबाने आपले शिव्याशाप किती इमानाने टिपून ठेवले आहेत, ते पाहून नवल वाटतं.

‘जा मसणात’चं इंग्रजी करताना भाषांतरकार सरळ ‘नरकात जा’ लिहितात. मला ते पटत नाही. नरक मेल्यानंतरचा आहे, मसण गावाबाहेरचं आहे. नरकात पाठवणारा देवाकडे निवाडा सोपवतो. मसणात पाठवणारी बाई कुठलाही निवाडा मागत नाही. तिला समोरचा माणूस फक्त नाहीसा व्हायला हवा असतो. आणि तीच बाई, कोकणात असेल तर, मुंबईहून आलेल्या भाच्याला मिठी मारून म्हणते, ‘अरे मेल्या, इतके दिवस होतास कुठे?’ इथे ‘मेल्या’चं इंग्रजी करायचं म्हणजे ‘बाळा’ करायचं.

पण हा शाप मणिकर्णिकेवर उभं राहून देऊन पाहा. जमणारच नाही. काशीला महाश्मशान म्हणतात ते गौरवाने. इथे मरणाऱ्याच्या कानात शंकर तारकमंत्र सांगतो, ही श्रद्धा. मरण यायला वेळ आहे तोवर वाट पाहण्यासाठी लोक इथल्या मुक्तिभवनात येऊन राहतात. इथे ‘मसणात जा’ म्हणणं म्हणजे तीर्थयात्रेच्या शुभेच्छा. शब्द तेच, काठ बदलला आणि शापाचा आशीर्वाद झाला. रुक्मीच्या शिव्यांचं नाथांनी जे केलं, ते या घाटाने मराठी शापाचं आधीच करून ठेवलं होतं.

नाथांचं काशीतलं दुसरं काम याहून मोठं. एकादश स्कंधावरची टीका, आपलं ‘एकनाथी भागवत’. पहिले पाच अध्याय पैठणला झाले, उरलेले काशीत, आणि शके 1495 च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे 1573 साली, ग्रंथ पुरा झाला. भागवत प्राकृतात नेलं म्हणून काशीचे पंडित खवळले आणि नाथांना बोलावणं गेलं, ही महिपतींनी सांगितलेली कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पंडितांच्या रागाविषयी पुष्कळ बोललं गेलं आहे. त्या ग्रंथातल्या रागाविषयी फारसं कुणी बोलत नाही.

तेविसावा अध्याय म्हणजे भिक्षुगीत. अवंतीचा एक ब्राह्मण, व्यापारावर गबर झालेला आणि कमालीचा कंजूष. संपत्ती जाते, काही भाऊबंदांनी नेली, काही चोरांनी, काही राजाने. मग तो संन्यासी होऊन त्याच मुलखात भिक्षा मागत फिरतो आणि लोक त्याच्यावर जुना राग काढतात. कुणी दंड हिसकावतो, कुणी कमंडलू, कुणी कंथा. देतो म्हणून पुढे करतात आणि परत ओढून घेतात. नदीकाठी जेवायला बसला की अन्नावर मुततात, डोक्यावर थुंकतात. मौन आहे म्हटल्यावर बोलायला लावतात, बोलला नाही तर मारतात. चोर म्हणून दोरीने बांधतात. ढोंगी म्हणतात, बगळा म्हणतात, पैसा गेला आणि घरच्यांनी हाकललं म्हणून हे सोंग घेतलं म्हणतात. संस्कृतात हे सगळं मोजक्या श्लोकांत आहे, एकापाठोपाठ एक, जवळजवळ यादीसारखं.

नाथ इथे रेंगाळतात. सुरुवातीचा कंजूषपणा ते इतका सविस्तर, इतका घरगुती रंगवतात की पुढचा लोकांचा राग आपल्याला अन्याय्य वाटेनासा होतो. हा माणूस बायकोपोरांना उपाशी ठेवत होता, अतिथीला दारातून परत पाठवत होता, हे आपण पाहिलेलं असतं. म्हणजे इथेही आधी हक्क, मग शब्द. गर्दीला शिव्या देण्याचा हक्क आहे असं वाचकाला वाटायला लावायचं, आणि मग त्याच वाचकाला त्या भिक्षूची शांती दाखवायची. नुसत्या दुष्टांची गर्दी रंगवली असती तर भिक्षू स्वस्तात संत झाला असता.

या भिक्षूच्या बोलण्यात एक प्रश्न आहे. चुकून आपलेच दात आपल्या जिभेवर पडले, तर रागवायचं कुणावर? मराठी माणसाला हे कुणी समजवायला नको; ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ आपण रोज म्हणतो. पण आपण म्हणतो ते चडफडत, घरच्याच माणसाने घात केला आणि बोलता येत नाही म्हणून. भिक्षू तेच चित्र घेऊन राग संपवतो, आपण त्याच चित्रात राग गिळतो. मूळ श्लोक आणि आपली म्हण शब्दांत इतकी जवळ, आणि भाव दोन टोकांना.

हा अध्याय पुढे इंग्रजीत गेला. अमेरिकन मराठी मिशनमधून निवृत्त झालेल्या जस्टिन ॲबट यांनी न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून महाराष्ट्राच्या संतकवींची इंग्रजी माला चालवली. 1926 पासून तिचे भाग निघू लागले आणि भिक्षुगीत हा त्यातला एक. ॲबट यांचं मराठी पक्कं होतं आणि निष्ठा त्याहून पक्की. ओवीतलं काहीही गाळायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांचं ऋण मानूनही मला म्हणावंसं वाटतं की त्यांच्या इंग्रजीत गर्दी चिडत नाही. शिव्या सगळ्या आहेत, अर्थही बरोबर आहेत, पण सगळे लोक चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहिल्यासारखे बोलतात. इंग्रजी बाजारात असा भिकारी कुणी छेडला तर काय ओरडतील, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. नाथांनी तो मराठीपुरता विचारला होता, हाच दोघांमधला फरक. विद्वत्तेचा नव्हे.

शेवटी आणखी एका मणिकर्णिकेविषयी. काशीत मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई यांच्या पोटी जन्मलेल्या मुलीचं नाव मणिकर्णिका ठेवलं होतं. पुढे ती झाशीची लक्ष्मीबाई झाली. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधररावांचं निधन झालं, पुढच्या वर्षी डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं. तेव्हा राणीने सल्ल्यासाठी जॉन लँग या सिडनीत जन्मलेल्या वकिलाला बोलावलं. लँगने ती भेट 1859 च्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. पडद्यामागे राणी, बाहेर लँग. तो सबुरीचा सल्ला देतो आणि ती उसळून म्हणते की झाशी देणार नाही. आज सगळ्या भारताला पाठ असलेलं ते वाक्य लँगने रोमन लिपीत हिंदीत दिलं आहे, आणि पुढे इंग्रजी अर्थ.

त्याचं हिंदी मोडकं आहे. झाशीला त्याने ‘मेरा’ लावून पुल्लिंगी करून टाकलं आहे. आणि क्रियापद? ते ‘दूंगी’ नाही, ‘देंगी’च्या जवळचं, अनेकवचनी आहे. पुढे लोकांनी वाक्य दुरुस्त केलं: ‘मैं’ आलं, ‘मेरी’ आलं, ‘दूंगी’ आलं, व्याकरण शुद्ध झालं. मला मात्र शंका येते की क्रियापद लिहिताना लँगचा कान चुकला नसावा. गादीवर बसलेली बाई स्वतःला ‘हम’ म्हणत असेल तर क्रियापद अनेकवचनीच येणार. परक्याच्या त्या अशुद्ध वाक्यात राजपदाचा हक्क शिल्लक राहिला असावा, आणि आपल्या दुरुस्तीत तो गेला. इंग्रजी अर्थ देताना तर लँगने स्वतःच तो ‘मी’ करून घालवला आहे. इंग्रज राजांनाही स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेता येतं, हे त्याला ठाऊक नसेल असं नाही.

घरात ती मराठी बोलत होती. पडद्याआड, लँग उठून गेल्यावर, तिने हेच मराठीत कुणाला सांगितलं असेल तर ते कुणी टिपलेलं नाही. ते लिहायची वेळ माझ्यावर आली तर ‘मी’ लिहू की ‘आम्ही’? एक विधवा चिडली आहे की एक राज्य? मराठीच इथे मदतीला येते. ‘मी देणार नाही’ आणि ‘आम्ही देणार नाही’ या दोन्हींत आपलं क्रियापद एकच राहतं, कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं. ‘माझी’ही नको, ‘आमची’ही नको. मी एवढंच लिहीन: झाशी देणार नाही.